धावेतली होडी

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, हे मला मान्य आहे. भूगोलाच्या बाईंशी त्यावरून माझं भांडण नाही. पण समुद्र नाही म्हणून शिडाची होडी असू नये, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? आमच्या घरी होती. चांगली दणकट, बाभळीच्या फासळ्यांची, सागाच्या फळ्यांची, शिडावर 'युरिया' असं ठळक लिहिलेली. ती चालायची, आणि अशी चालायची की मासे बाजूला सरून तिला वाट द्यायचे. चालण्याबद्दल तिच्याविरुद्ध गावात कुणाचीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती थांबण्याबद्दल.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्यानं फार विचार करून जागा निवडली. आमचं घर एका काठाला ठेवलं, वावर दुसऱ्या काठाला, आणि रुसलेल्या दोन व्याह्यांच्या मधे एखादा मध्यस्थ बसावा तसं स्वतः मधे ऐसपैस बसलं. वावरात वांगी. जांभळी, काटेरी देठाची, तळहातावर घेतली तर मांजरीच्या पिलासारखी ऊबदार. एक वांगं भाजायला घेतलं की शेजारचे लोक नुसत्या वासावर भाकर खाऊन उठायचे, हे मी शपथेवर सांगते. पण वांग्याची जात नाजूक. तोडलं की त्याला लगेच बाजार दिसला पाहिजे, नाहीतर ते मनाला लावून घेतं. पाण्याला वळसा घालून रोहिणखेडच्या अंगानं बैलगाडी आणायची म्हणजे दिवस मोडायचा. मलकापूरच्या बाजारात पोचेपर्यंत आमच्या वांग्यांना बाबांपेक्षा जास्त सुरकुत्या पडलेल्या असायच्या. भोयांचे डोंगे होते, पण ते मासे आणि एखाद्‌दुसरं माणूस नेणारे. टोपल्यांची उतरंड पाहिली की डोंगेवाले आम्हाला लांबूनच रामराम करायचे.

बाबांना या सगळ्यावरचा उपाय कॅलेंडरात सापडला. बियाण्याच्या दुकानातून मिळालेलं ते कॅलेंडर चुलीसमोरच्या भिंतीवर होतं. निळंशार पाणी, वर पांढऱ्या शिडाची होडी, आणि कोपऱ्यात त्या महिन्यातल्या एकादश्या. बाबा जेवायला बसले की त्या होडीकडे पाहत घास घ्यायचे. महिना उलटला तरी त्यांनी पान उलटू दिलं नाही. आमच्या घरातल्या एकादश्या त्या वर्षी सगळ्या चुकल्या. मग एक दिवस हात धुता धुता म्हणाले, "बैलाले ढेप लागते, इंजिनाले डिझल लागते. वारा फुकट असते."

माय म्हणाली, "फुकटचं कवा पचलं तुमाले?"

पण बाबा तोवर कॅलेंडर काढून रोहिणखेडला निघालेही होते. तिथले रहीमचाचा मिस्त्री बैलगाड्या, तिफणी, चौकटी बनवायचे. हात असा की त्यांनी केलेल्या वखराला नुसतं बांधावर उभं केलं तरी तण घाबरून वाळायचं. चाचांनी कॅलेंडर उजेडात धरलं, मग डोळ्यांपासून लांब धरलं, मग मागची बाजूसुद्धा पाहिली.

"भाऊ, ये तो एकीच बाजू दिख रही. दूसरी बाजू कैसी है?"

"तशीच असन."

"और नीचे?"

"खाली पाणी आहे ना, चाचा."

एवढ्या माहितीवर चाचांनी होडी बनवली. चित्रात वल्हं दिसत नव्हतं, म्हणून वल्हं केलं नाही. चित्रातलं शीड पांढरं होतं, म्हणून खताच्या पांढऱ्या पिशव्या उसवून, धुऊन, मी आणि बाबांनी दाभणानं शिवल्या. शिडाच्या बुडाला एक लांब आडवा बांबू. आणि रुंदीचं माप? ते बाबांनी खांद्यावरून आणलं होतं. बैलांचं जू. चाचांपुढे ते आडवं ठेवून म्हणाले, "याच्याइतली रुंद कर. जिथून दोन बैल जोडीनं जातात, तिथून होडी जातेच." कारण होडी लावायची होती ती आमच्या वावरातल्या जुन्या विहिरीच्या धावेत.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण माझ्या नातवंडांना विहीर म्हटलं की बटण आठवतं. विहिरीत चामड्याची मोट सोडायची. तिला मनगटाएवढा जाड दोर, तो नाडा. नाड्याचं दुसरं टोक बैलांच्या जुवाला. विहिरीपासून उतरत गेलेली, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती घातलेली अरुंद वाट, ती धाव. बैल धाव उतरले की मोट वर येणार आणि विहिरीच्या काठावरच्या दगडी थारोळ्यात भळाभळा रिकामी होणार. मग बैलांनी तोंड न वळवता, तसंच मागल्या पायांनी धाव चढायची, कारण वळायला तिथे जागाच नसते. पुढे ओढणारे बैल बाजारात ढिगानं मिळतात. मोटेचा बैल म्हणजे मागं सरणारा. माय लग्न होऊन आली तेव्हापासून पहाटेची मोट तीच हाकायची. आमच्या हौश्या नावाच्या बैलाशी तिची अशी काही बोली होती की नाडा हातात घेऊन तिनं "मागं, हौश्या, मागं सर" म्हटलं की तो शेपटाकडे डोळे असल्यासारखा नेमका थारोळ्यापाशी येऊन थांबायचा. दहा वाजता जू उतरलं की माय आपल्या भाकरीचा कोपरा मोडून त्याच्या तोंडापुढे धरायची. मी तेव्हा एवढीशी, थारोळ्यात पाय सोडून बसलेली, पण ते चित्र मला कॅलेंडरापेक्षा पक्कं आठवतं. पुढे इंजिन आलं, हौश्या म्हातारा होऊन गेला, आणि मायनं तो नाडा घराच्या आढ्याला टांगून ठेवला. काढू म्हटलं की तिला नेमकं काहीतरी दुसरं काम आठवायचं.

पाणी चढलं ते धावेच्या खालच्या तोंडातून आत शिरलं आणि थारोळ्याच्या अलीकडे हातभर थांबलं. बाकी सगळा काठ काळ्या गाळाचा. त्यात टोपली घेऊन उतरलेला माणूस टोपलीसकट रब्बी पिकासारखा उगवायचा. दगडी तळाची जागा एकच, ती धाव. जुवाच्या मापाची होडी आणि जुवाच्या मापाची धाव. दोन्ही अंगांना वीतभर जागा उरत होती. हिशेब चोख होता. फक्त बैलाला थांब म्हटलं की तो थांबतो, ही गोष्ट बाबांनी धरली नव्हती. आणि कॅलेंडरातली होडी चालताना दिसते, थांबताना दिसत नाही.

शीड ओढायला बाबांचे दोन्ही हात गुंतायचे, त्यामुळे सुकाणू माझ्याकडे आलं. मॅट्रिकचा निकाल लागून गेला होता, तो कसा लागला हे विचारू नका. गावात माझी ओळख 'ती उंच पोरगी' एवढीच होती. त्या लाकडी दांडक्यावर हात ठेवला आणि अख्खी होडी माझं ऐकते हे कळलं, तेव्हापासून मला जमिनीवर चालणं हलकं वाटायला लागलं. घराच्या काठाला काही अडचण नव्हती. तिथे सपाट मुरूम, म्हशीसारखं कसंही येऊन बसा. अडचण पलीकडे. जाताना वारा नेमका पाठीवर, आम्हाला धावेकडे ढकलणारा; येताना तो फिरलेला असायचा. पहिल्या दिवशी शीड भरून थेट आत घुसलो. होडी जुवाच्या मापाची होती, पण शिडाचा बांबू बाजूला पसरलेला. तो डाव्या भिंतीला अडकला, होडी गर्रकन फिरली आणि असा आवाज झाला की मलकापूरला स्टेशनात उभ्या गाडीनं आपोआप शिट्टी दिली. बाबा उडून भिंतीवर जाऊन बसले, अगदी मांडी घालून. दुसऱ्या खेपेला लांबूनच शीड पाडलं, तर होडीचा जीवच गेला. ती आडवी झाली आणि धावेच्या तोंडात अडलेल्या म्हशीसारखी पडून राहिली. बांबूनं ढकलावं तर तिथे जुन्या नाल्याचा डोह, बांबूला तळ लागेना. त्यानंतरच्या खेपा सांगत नाही. एवढंच सांगते की भिंतीवर बसलेले बगळे आम्ही दिसलो की उठून सुरक्षित अंतरावर जाऊन बसायचे, आणि आमची पुढची खेप सुरू झाली की आणखी बगळ्यांना बोलावून आणायचे.

मायनं होडीत पाय ठेवला नव्हता. पण होडीनं मायच्या घरात हात घातला होता. बांधायला दोर हवा म्हणून बाबांनी आढ्यावरचा नाडा उतरवला. पाण्यात टाकायला धोंडा हवा म्हणून तिचा कोपरा तुटलेला पाटा नेला आणि चाचांकडून त्याला भोक पाडून त्यात नाडा ओवला. माय त्या दिवसापासून ठेचा असा वाटायची की खलबत्ता गावाबाहेर ऐकू जायचा. तिचा राग तोंडात नसायचा, मिरचीत असायचा. आम्ही जेवायला बसलो की डोळ्यांतून पाणी काढत मुकाट भाकर संपवायचो आणि 'फार छान झालाय' म्हणायचो.

अशातच मामा आला. मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ, तालुक्याला कचेरीत कारकून. इस्त्रीचं धोतर, काखेत छत्री. ऊन नसो, पाऊस नसो, छत्री असायचीच. झोपेत कूस बदलताना तो छत्रीलाही बदलायचा. त्या संध्याकाळी मायनं अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता. वांगी जाळात टाकली की आधी सुस्कारा टाकतात, मग साल तडतडतं. ती सोलून, लाकडी डोणीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचून, वर कांद्याची पात आणि कच्चं तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. मामानं भरीत तीनदा वाढून घेतलं आणि मग ज्याच्यासाठी आला होता ते बोलला. बाबांसाठी त्यानं कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर राखणदाराची जागा पाहून ठेवली होती. वावर अर्ध्या वाट्यावर बटईनं द्यायचं, आम्ही तालुक्याला राहायला जायचं, आणि मला शिवणाच्या क्लासात घालायचं.

"दाजी, तुमी काऊन पाण्यासंगं भांडून राह्यले? फाटकावर खुर्ची असते. खाकी घालाची, सलाम घ्याचा."

"घ्याचा का ठोकाचा बे?" बाबा म्हणाले.

"दोन्ही. पयले ठोकाचा, मंग घ्याचा."

बाबा हसले, पण हसू मिशीतच राहिलं. त्यांनी जाळाकडे पाहिलं, मग अंधारात पाण्याकडे. बोलण्याचं जेवढं वरदान देवानं माझ्या बापाला दिलं होतं तेवढं गावच्या भोंग्यालाही दिलेलं नव्हतं. तो माणूस नुसता जाळात पऱ्हाट्या सारत बसला. हा माणूस खुर्चीवर बसून फाटक उघडतोय आणि मी कुणाच्या तरी झंपरला बाह्या जोडतेय, हे मला त्या जाळात स्वच्छ दिसलं.

निकाल मायनं दिला. डोणी धुता धुता, आमच्याकडे न पाहता. "माहा पाटा नेला, माहा नाडा नेला, माही पोरगी नेली. सारं पाण्यात. आता मलेच जाऊन पाहू द्या. उद्या मी बसीन होडीत. धावेत नीट गेली तर ठेवा. भिताडाले लागली, तर वावर बटईनं, फळ्यांची चौकट, अन् तुमी फाटकावर. दादू, तूही चाल. साक्षीले."

"मी? पाण्यातून?" मामानं छत्री पोटाशी धरली. "बाई, मले पोहता नाई येत!"

"मलेही नाई येत. म्हणून तर पाहू."

सकाळी वारा असा होता की कावळे जागच्या जागी पंख मारत होते आणि गाव त्यांच्या खालून पुढे सरकत होतं. माय पुढे नाकाशी, नाड्याच्या वेटोळ्यावर, आपल्या पाट्याशेजारी बसली. पदर खोचलेला, पदरात भाकरीचं फडकं. मधे मामा, रिकाम्या टोपल्यांमधे टोपलीसारखाच. बाबा शिडाशी. मी मागे सुकाण्यावर. शीड भरलं, 'युरिया' ताठ झालं, आणि निघालो. निम्मं पाणी सुरेख गेलं. मायनं एकदा पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि ओलं बोट कुणाला दिसू नये म्हणून पटकन लुगड्याला पुसलं. ते मी पाहिलं.

मग धाव दिसायला लागली. बगळे उठले. भिंती मोठ्या होऊ लागल्या. मी सुकाणू दोन्ही हातांनी धरलं, नाक अगदी मधोमध रोखलं, पण बांबू बाजूला हातभर बाहेर पसरलेला, आणि शीड आता पाडलं तर होडी आडवी, नाही पाडलं तर बांबू भिंतीत. दोन्ही रस्ते चौकटीकडे आणि फाटकाकडे जाणारे. मामानं छत्री उघडली. का उघडली, हे त्याला मरेपर्यंत सांगता आलं नाही. ती वाऱ्यात भरली आणि आमचा वेग आणखी वाढला.

"दाजी, थांबवा हो हिले! अवो थांबवा!"

"छत्री मिट बे पयले!"

आणि तेवढ्यात नाकावरून माय ओरडली. समोर तिचीच धाव, तिचंच थारोळं, वर्षांनुवर्षं पहाटे पाहिलेलं. ते अंगावर येताना पाहून तिच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं.

"मागं! हौश्या, मागं सर!"

मला त्या क्षणी धावेतला हौश्या दिसला. तोंड उताराकडे, ढुंगण थारोळ्याकडे, एक एक पाय मागे टाकत येणारा. आम्ही इतके दिवस बैलाला तोंडानं धावेत घालत होतो! त्या धावेत थारोळ्यापाशी तोंडानं कोण कधी आलं होतं?

"माय, पाटा टाक! बाबा, शीड पाड!"

मायनं विचारलं नाही काऊन म्हणून. पाटा तिनं असा भिरकावला की धरणाची पातळी वीतभर चढली असावी. बाबांनी शीड खाली ओढलं, ते मामाच्या डोक्यावर पडलं आणि छत्रीचा प्रश्न सुटला. नाडा सरसर पाण्यात गेला, पाटा तळाशी रुतला, मायनं नाड्याचा वळसा शिडाच्या खांबाला मारला, आणि होडीनं गचकन हिसका खाल्ला. मग ती वळली. हळूच, शहाण्यासारखी, नाक वाऱ्याकडे आणि पाठ धावेकडे. वारा आता आम्हाला ढकलत होता, पण मागे. आणि नाडा होता मायच्या हातात.

"ढील दे, माय! थोडी... बस!"

"मले शिकवू नको व!" ती म्हणाली. खरं होतं. नाडा कसा सोडायचा हे तिला सांगणं म्हणजे सुगरणीला भाकर थापायला शिकवणं. हातावरून हात, जसा मोटेला द्यावा तसा ती नाडा सोडत होती, मी पाठमोरी वळून सुकाणू धरून बसले होते, आणि बांबू शिडासकट होडीतच मामावर निजला होता. डावी भिंत वीतभर. उजवी भिंत वीतभर. दगडातलं शेवाळ दिसलं, शेवाळातला एक खेकडा दिसला, तो आश्चर्यानं आमच्याकडे पाहत होता. "मागं, हौश्या, मागं," माय हळू आवाजात म्हणत होती. आता ते सवयीनं नव्हतं. थारोळ्याला होडीचा पार्श्वभाग असा टेकला की मधे माशी बसली असती तर फक्त 'सरका जरा' म्हणाली असती.

शिडाखालून मामाचा आवाज आला, "लागली का भिताडाले?"

"नाई लागली," माय म्हणाली.

मामा बाहेर आला. केस विस्कटलेले, कपाळावर धुऊनही उरलेली युरियाची पांढरी भुकटी. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि कारकून होता म्हणून हरकत काढलीच. "पण बाई, उलटी गेली ही. अशी उलटी घालाची कुठं रीत असते का?"

"मोटेची रीत आहे," माय म्हणाली. "तू शाळेत होता तवाची."

परवा नातीनं मोबाइलवर परदेशातल्या मोठमोठ्या होड्या दाखवल्या. दोन लाकडी फळ्यांच्या मधे, दोर सोडत, पाठीकडून आत सरणाऱ्या. "आजी, बघ किती कठीण असतं," ती म्हणाली. मी म्हटलं, बाई, हे तुझ्या पणजीनं शोधलंय, नऊवारीत. तिचा विश्वास बसला नाही. माझ्यावर विश्वास न ठेवण्याची आमच्या घरात जुनी परंपरा आहे, तिला मी दोष देत नाही. पण नाडा ओढला की होडी आपोआप धाव उतरून खोल पाण्यात जायची, नाक आधीच घराकडे, हे मी खोटं कशाला सांगू? त्या मोसमात आमची वांगी मलकापूरला पोचली तेव्हा त्यांच्या देठाला अजून दव होतं. फाटकावरची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. शिवण मला आजही येत नाही. हे पोलकं विकतचं आहे.

पण त्या दिवशीचं एक राहिलं. बाबा आणि मी टोपल्या उतरवत होतो, मामा जमिनीवर उभा राहून जमीन पायानं तपासून पाहत होता. माय थारोळ्यावर उतरली, फडकं सोडलं आणि भाकर घेऊन धावेच्या भिंतीवरून चालत पुढे गेली, होडीच्या नाकापर्यंत. तिथे बसली. दहा वाजले असतील. तिनं भाकरीचा कोपरा मोडला आणि हात लांब करून होडीच्या नाकापुढे धरला.

तसाच धरून राहिली थोडा वेळ. मग तिला आमची चाहूल लागली. बाबांच्या हातातली टोपली अर्धवट हवेत होती.

"काय पाहून राह्यले?" ती म्हणाली, आणि तो कोपरा स्वतःच्या तोंडात घातला. "भूक लागली मले."